मृगाआधीचे पंधरा दिवस

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जांबोटी, कणकुंबीकडे राहायला जागा मिळणं मुश्कील. शाळांना सुट्टी असते, गोव्याहून चोर्ला घाट चढून गाड्या येतात, बेळगाव तर तासाभरावर. हुबळी-कोल्हापूरची माणसंही याच सुमाराला निघतात. भाड्यानं दिली जाणारी कौलारू घरं शनिवार-रविवार सोडा, मंगळवारीसुद्धा भरलेली असतात. आणि कौलं चाळायचे दिवसही नेमके हेच. वळवाचे दोन-तीन सडाके पडून गेलेले असतात, त्यामुळे कुठे गळतं ते कळलेलं असतं. लाकूड वर्षातलं सगळ्यात कोरडं असतं. गवंडी अजून शेतात उतरलेला नसतो.

बहुतेक मालक पाहुण्यांना झुकतं माप देतात. गर्दी ओसरली की करू, म्हणतात. गर्दी जूनच्या मध्यावर ओसरते, तोवर मृग लागून आठवडा झालेला असतो. मग ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा हात धरत नाही, चुन्याला वाळायला हवा मिळत नाही, फुगलेल्या दारावर रंधा चालवला तर नोव्हेंबरात तिथून बोट आत जातं. शिवाय माणूस कुठून आणायचा? या खानापूर भागात भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली, पेरणी मेअखेरीस सुरू होते, मग रोपलावण. तेव्हा सुताराला फोन केला तर तो बांधावरूनच सांगतो, "आत्ता कशाला ओ हात लावता, दसऱ्याला बघू की." त्याचंही बरोबरच आहे.

म्हणून मेचा दुसरा पंधरवडा घर बंद ठेवायचं आणि ते जानेवारीतच वहीत लिहून टाकायचं. दोन शनिवार-रविवार बुडतात. ते बुडू द्यावेत. माणसं अक्षय तृतीयेच्या आत सांगून ठेवावीत, नंतर सांगितलेला गवंडी येतो म्हणतो आणि येत नाही.

काम वरून खाली घ्यायचं, कारण वरचा कचरा खालीच पडणार आहे. कौलं चाळणं म्हणजे नुसतं फुटकं बदलणं नव्हे. आढ्याकडून, म्हणजे छपराच्या माथ्याकडून, खालच्या कडेच्या वळचणीकडे एकेक ओळ उतरवायची, खराट्यानं शेवाळ झाडायचं, कौलं टेकतात त्या आडव्या रिपांवरचा पाला काढायचा, रीप हातानं दाबून बघायची आणि मग कौल परत बसवायचं. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघावं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर डोळ्यांना दिसत नसली तरी आत चीर आहे. तारेचा ब्रश वापरू नये, त्यानं भाजलेला वरचा पापुद्रा जातो आणि कौल पाणी प्यायला लागतं. गाडी धुवायचं प्रेशर मशीन तर कौलावर कधीच नको. खालून वर मारलेला फवारा थेट सांध्यातून माळ्यावर जातो.

मंगळुरी कौल साधारण 410 बाय 235 मिलिमीटरचं असतं, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. चौरस मीटरला चौदा-पंधरा लागतात, म्हणजे शंभर चौरस फुटांना 130 ते 140. हजार चौरस फूट उताराच्या छपरावर कोरडी कौलंच तीन टनांची झाली. चांगलं कौल आपल्या वजनाच्या 18 ते 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषत नाही. तरी श्रावणात त्या वाशांवर पाचशे किलोंचं ओझं वाढलेलं असतं हे लक्षात घ्या. नवी कौलं घेताना हा हिशेब घरीच करता येतो. एक कौल कोरडं तोलायचं, चोवीस तास हौदात बुडवायचं, पुसून पुन्हा तोलायचं. 2.3 किलोचं कौल 2.7 किलोपर्यंत गेलं तर ठीक, तीन किलोला टेकलं तर ती गाडी परत पाठवावी.

खानापूरला माती आणि भट्ट्या दोन्ही आहेत, तेव्हा कौलाची वाण नाही. अडचण येते ती साच्याची. एका भट्टीचं कौल दुसरीच्या शेजारी बसवलं तर खाचेत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, ओळ उचलली जाते आणि झडीचं पाणी तिथून आत शिरतं. म्हणून मूळ छपराबरोबरच शंभरएक कौलं जादा घेऊन परड्यात उभी रचून ठेवावीत. आडवी रचली की तळातली फुटतात. कन्नड बोलणारा मजूर असेल तर 'हंचु' म्हणावं, काम लवकर होतं.

छपरावर चालायचं ते रिपेच्या वर, जिथे एका कौलावर दुसरं चढलेलं असतं तिथे पाय देऊन. कौलाच्या मधोमध नव्हे. त्याहून बरं म्हणजे फळी टाकून चालावं. वळचणीच्या दोन ओळी गॅल्व्हनाइज्ड तारेनं रिपेला बांधून घ्याव्यात. वारा उचलतो तो तिथूनच, आणि वानरांची टोळी उडी मारते तीही तिथेच. आढ्यावरची कौलं बसवताना गवंडी सिमेंट जास्त घालतो, त्याला वाटतं मजबूत होईल. होतं उलटंच. एकास तीनचा माल सुकताना आकसतो, केसाएवढी चीर पडते, त्या चिरेतून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि आढ्याचं लाकूड वर्षभर ओलं राहतं. एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा नरम माल पुरतो. तो थोडं हलणं सोसतो आणि श्वासही घेतो.

एक जागा मात्र जवळून बघायला हवी. घराला पुढे पडवी जोडलेली असेल, किंवा दोन उतार काटकोनात मिळत असतील, तिथे पत्र्याची पन्हळ असते. खालून ती दिसत नाही. फणसाचं एक पान त्यात आडवं अडकलं की त्यामागे आंब्याची पानं, त्यामागे माती, आणि महिन्याभरात तिथे बोटभर उंचीचं रोप उगवलेलं असतं. मग पाणी पन्हळीतून खाली न जाता बाजूनं कौलाखाली शिरतं आणि खोलीत भलत्याच कोपऱ्यात ठिबकतं. मालक त्या कोपऱ्यावरची कौलं बदलत बसतो. पन्हळ हातानं साफ करून वरून बादलीभर पाणी ओतावं आणि एकानं खाली माळ्यावर बॅटरी घेऊन बसावं. पत्रा दोन्ही बाजूंनी कौलाखाली निदान वीतभर गेलेला हवा. गंजून सुईएवढं भोक पडलं असेल तर डांबर लावून भागतं, पण एकाच पावसाळ्यापुरतं.

माळ्यावर गेल्यावर बाकीचंही बघून घ्यायचं. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून वाशापर्यंत गेली आहे का, वाशाच्या भिंतीत गेलेल्या टोकात स्क्रूड्रायव्हर रुततो का, खाली पिठासारखी भुकटी पडली आहे का. भुकटी भुंग्याची, नळी वाळवीची, दोघांचे उपाय वेगळे. घरातल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्सचं पाणी चालतं. बाहेरच्या, भिजणाऱ्या लाकडाला ते लावून उपयोग नाही, पहिल्या आठवड्यातच धुऊन जातं. बाहेरच्या खांबांना जुनी माणसं काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते टिकतं, पण हाताला लागलं तर कातडी भाजल्यासारखी सोलते, तेव्हा रबरी हातमोजे घालून. जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मं-निम्मं करून पहिला हात द्यावा, तो मुरला की नुसतं तेल. एक खबरदारी इथे हमखास राहते. तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात.

वटवाघळं असतील तर फट बुजवायची घाई नको. आत पिल्लं असतील तर मरून वास सुटेल, तो कुठल्याच उदबत्तीनं जात नाही. पिल्लं उडायला लागल्यावर, तिन्हीसांजेला सगळी बाहेर पडली की मग जाळी मारावी. भीमगड अभयारण्याच्या कडेला हा विषय जरा जपूनच हाताळायला हवा. तिथल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. त्याच पट्ट्यात पडलेले फणस रोज संध्याकाळी उचलायचे, कारण अस्वलाला वास लांबून लागतो आणि रात्री पडवीत गप्पा मारत बसलेल्या पाहुण्यांना त्याची कल्पना नसते.

दारांचं एक गुपित सुतारसुद्धा सांगत नाहीत. दार पुढून-मागून रंगवलेलं असतं, पण वरची आणि खालची कड कोरीच. लाकूड पाणी पितं ते नेमकं त्या कडांतून. मेमध्ये दार बिजागरीतून उतरवून दोन्ही कडांना तेलाचे किंवा रंगाचे दोन हात दिले तर जुलैत ते अडत नाही. तरी अडलंच तर मेणबत्ती घासावी आणि थांबावं.

जमिनीवरचं काम कमी, पण तेच विसरलं जातं. पागोळ्या पडतात तिथे जांभ्याचे तुकडे किंवा खडी वीतभर रुंद पसरली की चिखल भिंतीवर उडत नाही. घराभोवतीच्या चराचा उतार बघायला लेव्हल लागत नाही, घागरभर पाणी ओता आणि कुठे थांबतं ते बघा. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत झडीला लागते. तिथे झाप किंवा ताडपत्री लावायची ती भिंतीपासून हातभर अंतर सोडून. निळी ताडपत्री भिंतीला चिकटवली की आतली ओल आतच कोंडते आणि सप्टेंबरात प्लॅस्टर हाताला येतं. संडासाची टाकी उपसायची असेल तर तीही मेमध्येच, यंत्रानं, माणूस आत न उतरवता. भर पावसात प्लॅस्टिकची टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला वर उचलतं आणि जोडलेले पाइप तुटतात.

हे सगळं घाटमाथ्याकडचं झालं. पण हाच बेळगाव जिल्हा पूर्वेकडे अथणी, रायबागपर्यंत जातो. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो तेवढा अथणीला अख्ख्या वर्षात होत नाही. तिकडे घराचा शत्रू वेगळा. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला किंवा गोकाकचा धबधबा बघायला येणाऱ्यांसाठी जी घरं दिली जातात, त्यांच्या मालकानं खानापूरवाल्याचं वेळापत्रक उचललं तर फसतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि भिंतीला जिन्यासारखी तिरकी चीर पाडते. ती चीर मेमध्ये बुजवू नये, तेव्हा ती सगळ्यात रुंद असते. पावसानंतर माती फुगली की भरलेला माल चेपून बाहेर येतो. आधी घराभोवती तीन फूट रुंद फरशी बाहेरच्या उतारानं घालावी, म्हणजे पायाजवळची माती एकसारखी ओली राहते. चीर त्यानंतर, हिवाळ्यात.

माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर असेल तर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायची पद्धत आहे. पद्धत चांगली, पण जुना थर खरवडून काढायला कोणी तयार नसतं. इंचभर मातीचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोंच्या वर. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दर थराला साडेचारशे किलो वाढले. पाच वर्षांत तुळईनं पोट सोडलं तर दोष तुळईचा नाही. गवत मुळासकट उपटायचं, जुनी माती काढायची, तेवढीच नवी घालून चोपायची. पूर्वेकडचं बोअरचं पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जळते. सहा महिन्यांनी कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवली की थर सुटतो. शॉवरची जाळीही त्याच पाण्यात टाकावी.

घर महिनाभर बंद राहिलं की न्हाणीतून वास येतो, तो बहुतेक वेळा तुंबल्याचा नसतो. मोरीच्या जाळीखाली वाकड्या भागात जे पाणी साचून राहायला हवं ते उन्हाळ्यात उडून जातं आणि गटाराची हवा व झुरळं सरळ वर येतात. तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी उडायला कितीतरी जास्त दिवस लागतात. हे दर खोलीत करावं, कमोडलाही पाणी सोडावं.

पावसाळ्यात घर चालू ठेवणाऱ्यांनी चादरींचा हिशेब बदलावा. एरवी एका पलंगाला तीन जोड पुरतात, एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. जुलैत कपडा वाळायला तीन-चार दिवस लागतात, तेव्हा पाच जोड लागतात. न वाळलेली चादर इस्त्रीनं वाळवून घडी घातली की गरम असताना बरी वाटते, रात्री पाहुण्याला वास येतो. पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावा, गादीखाली फळ्यांच्या फटी हव्यात. खिडक्या सतत उघड्या ठेवायचा सल्ला सगळे देतात. धुकं उतरलेलं असताना खिडकी उघडणं म्हणजे ओल घरात बोलावणं. उघडीप मिळाली की दुपारी उघडाव्यात, एरवी पंखा चालू आणि कपाटांची दारं उघडी. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांना मिळतं. आकडा दिवसचे दिवस सत्तरच्या वर राहिला की बुरशी येणारच. भिंतीला प्लॅस्टिक पेंटऐवजी चुना असेल तर ती उशिरा येते, कारण चुना ओल सोडतो.

वीज हेस्कॉमची, म्हणजे हुबळीच्या वीज कंपनीची, पण वळवाच्या विजा कोणाच्याच नाहीत. एप्रिल-मेमध्ये घर रिकामं सोडताना टीव्ही आणि राउटरचा प्लग काढून ठेवावा. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालावं, जांभ्याच्या कोरड्या जमिनीत ते मुळातच कच्चं असतं. विजेची गळती पकडणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर टेस्टच्या बटणानं महिन्यातून एकदा पाडून बघावा. पावसात तो वारंवार पडायला लागला तर बागेतल्या दिव्याच्या पेटीत पाणी शिरलेलं असतं. तो डायरेक्ट करून देणाऱ्या वायरमनला घरात घेऊ नये.

दसऱ्याच्या आधी विहीर. व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर साधारण 28,000 लिटर होतात. ताजी, चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅम. ती थेट विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करायचा, बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून वर-खाली हलवायची. खालचा चुना बाहेर टाकायचा, तो आत गेला तर पाणी जड होतं. तासाभरानं तपासल्यावर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घासल्यावर मात्र दीडशे ग्रॅम पावडर लागते. ते पाणी सगळ्या नळांतून थोडं काढून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पूर्ण सोडून द्यायचं. पावडरचं पाकीट गेल्या वर्षीचं असेल तर हा सगळा हिशेब फुकट, उघडं राहिलं की तिचा क्लोरीन उडतो.

डिसेंबरात बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, शहरातल्या खोल्या संपतात आणि गर्दी बाहेरच्या घरांकडे सरकते. थंडी असते, सहा-सात माणसं ओळीनं अंघोळ करतात. गॅस गीझर न्हाणीच्या आत असेल तर धोका याच सकाळी. चौथ्या अंघोळीपर्यंत बंद न्हाणीतला प्राणवायू कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग, माणसाला नुसती गुंगी येते. मालक झरोका ठेवतो खरा, पण गार वारा येतो म्हणून पाहुणा त्यात टॉवेल कोंबतो. झरोक्याला आतून पोचता येणार नाही अशी जाळी लावली तरी कोणीतरी वर्तमानपत्र अडकवतंच. गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेरच्या भिंतीवर न्यावेत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. लोखंडी शेगडी खोलीत मागणाऱ्यालाही याच कारणासाठी नाही म्हणावं. शेकोटी अंगणात, गवत काढलेल्या जागी.

राहिली वही. पावसात गळती दुरुस्त होत नाही, पण तिची जागा तेव्हाच कळते. पाणी वाशावरून घसरत खाली येतं, तेव्हा ठिबकतं तिथे भोक नसतं, ते उताराच्या वरच्या अंगाला असतं. माळ्यावर चढून पाणी जिथून वाशाला लागतं तिथे खडूनं खूण करावी, तारीख घालावी. खडू मेपर्यंत पुसला जातो आणि छपरावरून तो दिसतही नाही, म्हणून मोजून लिहावं: आढ्यापासून सातवी ओळ, पूर्वेच्या भिंतीपासून बारावं कौल.